हरकती मागवल्या म्हणजे विचारविनिमय झाला?

गिरगावकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘मुंबईत चर्चाच फार, म्हणून कामं रखडतात. तज्ज्ञांनी ठरवावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. चर्चा होते कुठे? सगळं आधी ठरतं, मग हरकती मागवतात, सुनावणीत दोन मिनिटं बोलू देतात. समोरच्याचं ऐकून स्वतःचं मत बदलायची तयारी असेल तर तो विचारविनिमय, आणि ती तयारी खुर्चीवाल्याचीही हवी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. २२७ नगरसेवकांचं सभागृह रिकामं. झाले का रस्ते गुळगुळीत?

परळची सून:
ते मीच लिहिलंय, आणि मागे घेणार नाही. आमच्या सोसायटीत पुनर्विकासावर अकरा वर्षं सभा झाल्या. दर सभेत पार्किंग, मग कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी), मग पुन्हा पार्किंग. सासरे नवं घर न बघताच गेले. चर्चेचं कौतुक मला सांगू नका.

विक्रोळी पूर्व:
ताई, वाईट वाटलं. पण प्रकल्प व्यवहार्यता अहवाल सभासदांना सभेआधी वाचायला दिला होता का? आमच्याकडे नव्हता. सगळे आपापल्या भीतीवर बोलत होते. सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ‘७९ अ’खालच्या २०१९ च्या सरकारी सूचनांनी पुनर्विकासाला सभासदांच्या संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली. हात मोजणं सोपं झालं, समजून घेणं तिथेच राहिलं.

परळची सून:
अहवाल दिला होता. कुणी उघडला नाही! आणि आम्ही दोघींनी वाचून प्रश्न विचारले तर सेक्रेटरी म्हणाले, ‘बायकांनी मध्ये बोलू नये.’

विक्रोळी पूर्व:
मग तुमचा राग चर्चेवर का? तुम्हाला बोलूच दिलं नाही.

दादर कबूतरखाना:
पार्किंगवरून हसू नका. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची रुग्णवाहिका आत येईना, तेव्हा कळलं. आमच्याकडे अजून तोच वाद सुरू आहे.

गिरगावकर:
मूळ मुद्द्यावर या. घटना समितीत ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगितलं. वेळ लागला, पण देश उभा राहिला.

परळची सून:
त्या सभागृहात बसलेले वाचून यायचे. आणि तुम्ही म्हणता हरकतींना अर्थ नाही, तर २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा कशामुळे बाजूला ठेवावा लागला? लोकांनी चुका दाखवल्या म्हणूनच ना?

गिरगावकर:
हे मानावं लागेल. पण मसुदा छापण्याआधी वॉर्डावॉर्डात नीट विचारलं असतं तर त्या चुका छापल्याच गेल्या नसत्या.

परळची सून:
तेवढं मान्य. वाचून आलेल्यांनाच बोलू द्या, मग मीही सभेला येईन.

विक्रोळी पूर्व:
आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोण वाचून दाखवणार? आमच्या चाळीत अशा चार आज्या आहेत, घर त्यांचंही जातंय.