मोठी पुंगळी अर्धी भरायची, की लहान पुंगळी पुरी?

हर्णैकर
अंजनवेलकर आणि मी गेले कित्येक महिने फोनवर यावरून भांडतोय. आता चार माणसांसमोर होऊन जाऊ दे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी विस्कॉन्सिनला असतो, तो न्यूझीलंडला. दोन्हीकडे परवानाधारक शिकाऱ्याने स्वतःच्या रायफलची काडतुसं घरी भरणं कायदेशीर आहे. वापरलेली पितळी पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) पुन्हा आकारात आणायची, नवा प्रायमर (बुडातली पेट देणारी टोपी), मोजून बंदुकीची दारू, वर गोळी. प्रश्न असा, की रायफल घेतानाच पुंगळी केवढी निवडायची आणि ती कितपत भरायची?

माझं मत: कामापुरती पुंगळी घ्यावी आणि तिच्या मापाने नीट भरावी. .३०८ आणि .३०-०६ ही रायफलच्या काडतुसांची दोन मापं. .३०८ ची पुंगळी ५१ मिमी लांब, .३०-०६ ची ६३ मिमी. पोटात पाणी भरून मोजलं तर पहिलीत साधारण ५६ ग्रेन (वजनाचं बारीक माप) मावतं, दुसरीत ६८. म्हणजे जागा वीस टक्क्यांहून जास्त. आता कारखान्याच्या तयार काडतुसांचे छापील वेग बघा. १५० ग्रेनची गोळी .३०८ मधून सेकंदाला २,८२० फूट, .३०-०६ मधून २,९१०. हातात काय आलं? तीन टक्के! दीडशे वारांवरच्या हरणाला त्या नव्वद फुटांचं काय सोयरसुतक? खांद्याला मात्र आहे, आणि खिशालाही, कारण दारू दर वेळी गोळी झाडताना जास्त जळते. मॅग्नम, म्हणजे आणखी जोरदार काडतुसं, घेणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. तिथे नळीचा घसाही (गोळी नळीत शिरते तो भाग) लवकर झिजतो.

अंजनवेलकर
हा नेहमी असंच करतो. दोन्ही पुंगळ्या काठोकाठ भरून तुलना करतो आणि निकाल देतो. मी काठोकाठ भरा म्हणतोय कुठे?

.३०-०६ घ्या आणि .३०८ च्याच वेगाला भरा. जागा जास्त असल्यामुळे तोच वेग कमी दाबात मिळतो. दाब कमी म्हणजे पुंगळीचं बूड पसरत नाही, प्रायमरचा खळगा सैल होत नाही, तीच पुंगळी जास्त वेळा वापरता येते. जुनी रायफल असेल तर तिचेही हाल होत नाहीत. अमेरिकेच्या मानकात .३०८ ला कमाल दाब ६२,००० पीएसआय (दाबाचं माप) मान्य आहे आणि .३०-०६ ला ६०,०००. म्हणजे याची लहान पुंगळी तो वेग काढायला जास्त ताणली जाते, हे तो सांगत नाही.

दुसरं, जड गोळी. १८० किंवा २२० ग्रेनची लांब गोळी .३०८ मध्ये बसवली की ती आत खोल जाते आणि दारूचीच जागा खाते. मोठ्या पुंगळीत ती ऐसपैस बसते. एकाच रायफलीत हलका बार, जड बार, दोन्ही हवे असतील तर पोट मोठंच हवं.

आणि दारूच्या मापांच्या पुस्तकातला कमाल आकडा गाठायचाच असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा छंद सोडून पत्ते खेळावेत.

हर्णैकर
कमाल गाठू नये हे मान्य. पण 'कमी' म्हणजे किती कमी, हे तू कधी सांगत नाहीस. खरी गोम तिथेच आहे.

मोठ्या पुंगळीत थोडी दारू म्हणजे ती आडवी पसरून राहते. नळी खाली कलली की पुढे सरकते, वर केली की प्रायमरकडे येते. पेट दर वेळी वेगळा लागतो, वेग वरखाली होतो. हा झाला साधा त्रास. सावकाश जळणारी दारू फारच कमी भरल्यावर रायफली फुटल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. नेमकं कारण काय यावर जाणकारांचे वाद आहेत, पण दारू बनवणारे स्वतःच सांगतात की अमुक दारू किमान आकड्याखाली भरू नका. ते हौसेने नाही लिहीत.

बरं, म्हणून भरभर जळणारी दारू घ्यावी, तर ती इतकी थोडी लागते की चुकून दोनदा ओतली तरी पुंगळी भरून वाहत नाही. वरून काही कळतच नाही. लहान पुंगळीत दुसरं माप सांडतं आणि चूक तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते.

राजापुरी
हे सगळं वाचायला गंमत आहे, पण आमच्याकडे भारतात रायफल म्हणजे .३१५. काडतूस खडकीच्या कारखान्याचं, मिळेल ते. निवड कसली करता?

अंजनवेलकर
@राजापुरी, आता एक मजा ऐका. .३१५ आलीच मुळी यामुळे की फौजेचं .३०३ सामान्य माणसाला मिळत नव्हतं. तोच नियम पुढे फौजेच्या ७.६२ ला लागला, आणि .३०८ मापाने तीच. म्हणजे ह्या हर्णैकराची लाडकी .३०८ भारतात प्रतिबंधित बोअर (सामान्य माणसाला न मिळणारं माप) आहे आणि माझी .३०-०६ परवान्यावर मिळते! गावी परत आलास तर काय वापरशील रे?

@हर्णैकर, दोनदा ओतलं जाण्याचा मुद्दा खरा आहे. त्याला उपाय आहे. सगळ्या पुंगळ्या फळीवर उभ्या करून गोळी बसवण्याआधी टॉर्चने एकेकीत बघायचं. हलक्या बारासाठी मुद्दाम फुगीर दारू मिळते, थोड्या वजनात पोट भरणारी. आणि १८७३ ची .४५-७० आठव. ती बनली काळ्या दारूसाठी, पोट भलंमोठं. आज धूरविरहित दारूने लोक ती वापरतातच ना? पुस्तकांत तिच्यासाठी तीन वेगळे तक्ते असतात: जुन्या, नाजूक ट्रॅपडोअर रायफलीला हलका, लिव्हरवाल्या विंचेस्टर-मार्लिनला मधला, रुगरच्या भक्कम सिंगल-शॉटला जड. पुंगळी तीच. भरणा बंदुकीने ठरवला, पुंगळीने नाही.

हर्णैकर
अरे, तेच तर माझ्या बाजूचं उदाहरण आहे! जडवाला बार जुन्या ट्रॅपडोअरमध्ये बिनबोभाट शिरतो. त्याला अडवणारं काही नाही. आजोबांची रायफल आणि नातवाचं काडतूस एकाच कपाटात असेल तर? रिव्हॉल्व्हरचं .३५७ मॅग्नम काडतूस काढताना जुन्या .३८ स्पेशलची पुंगळी तीनेक मिमी मुद्दाम लांब केली, कारण जुन्या रिव्हॉल्व्हरात ती जाताच कामा नये. मापानेच धोका अडवला. टॉर्च माणसाच्या हातात असते, आणि माणूस रात्री अकराला पेंगतो.

वकील_चिपळूण
चर्चा चालू द्या, पण वाचणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे 'घरी भरणं' इथे करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५ : दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. परदेशातून 'फक्त प्रेस' (काडतुसं भरायचं यंत्र) आणणारे भाचे-पुतणे, तुम्हीही ऐका.

कुडाळचो झील
तुमी थंय बसान पुंगळ्यो भरतास, आमी हंय डुकरांच्या मागे धावतंव. शेतसंरक्षणाची बंदूक असा, आजोबांच्या वेळची विलायती बारा बोअर. पण इलेक्शन इला काय ती पोलीस ठाण्यात जमा. नूतनीकरणाक गेलो तर रिकाम्यो पुंगळ्यो मोजून दाखवूच्यो. म्हाका इतक्याच सांगा, दुकानदार ७० मिमीचा काडतूस देता आणि म्हणता 'बसता, बिनधास्त घाल'. घालू काय?

राजापुरी
थांब. घालू नकोस.

ह्या दोघांच्या भांडणात आपल्या कामाचं हेच आहे. जुन्या विलायती बारा बोअरच्या पुष्कळ बंदुकांचं चेंबर (काडतूस बसतं ती नळीतली जागा) अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी. काडतुसावर छापलेलं ७० हे माप बार उडून तोंड उघडल्यावरचं असतं. तोंडाला घडी घातलेलं कोरं काडतूस त्याहून आखूड, म्हणून ६५ च्या चेंबरमध्ये ते सुखाने बसतं. बंदूक मिटते, चाप ओढला जातो, आणि मग ती घडी उघडायला जागाच नसते. तोंड पुढच्या निमुळत्या भागात अडकतं, छऱ्यांची वाट चिंचोळी होते, दाब वाढतो. त्यात ७० ची काडतुसं बहुधा जड भरण्याची. दुकानदार 'बसतं' म्हणतो ते खरंच आहे.

हर्णैकर
बघा! लांबी.

अंजनवेलकर
लांबी नाही, भरणा! हलका बार असता तर ही वेळ आली नसती.

राजापुरी
तुम्ही दोघं आधी फोन ठेवा.

हलका भरणा असला तरी ६५ मध्ये ७० घालायचं नाही, विषय संपला. झिला, बंदूक मोडून नळ्या वेगळ्या कर. बुडाच्या सपाट भागावर तपासणीचे ठसे असतात. तिथे अडीच इंच किंवा ६५ दिसलं तर डबा दुकानदाराला परत दे आणि ६५ चीच माग. ठसा पुसला असेल तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून चेंबर मोजून घे. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर ती पिळाची जुनी नळी, बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं कुठलंच काडतूस घालू नकोस, मग ते कितीही मिमीचं असो.

कुडाळचो झील
नक्षी असा. आजोबा म्हणीत, शोभेची म्हणान.

राजापुरी
फोटो टाक. आणि आज रात्री बागेत जायचं झालं तर फटाके घेऊन जा.