मदत हवी आहे: आईची दाढ वाचवायची की काढायची?

नमस्कार मंडळी, आईची (वय ६१, शुगर आहे पण गोळ्यांवर कंट्रोलमध्ये) खालची उजवी पहिली दाढ, ६ वर्षांपूर्वी आरसीटी (रूट कॅनाल) करून कॅप बसवलेली, आता तिथे हिरडीवर पुटकुळी येते, पू येतो, दाबलं की दुखतं, अँटिबायोटिक घेतलं की बसते आणि महिन्याभरात परत. सीबीसीटी स्कॅन (दातांचा थ्रीडी एक्स-रे) काढला तर मागच्या मुळाच्या टोकाशी इन्फेक्शन दिसतंय, पुढचं मूळ चांगलं आहे.

आत पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली दांडी) टाकलेली असल्यामुळे परत आरसीटी करताना मूळ तडकायची भीती, म्हणून एका डॉक्टरांनी एपिकोएक्टॉमी सुचवली, म्हणजे हिरडी उघडून मुळाचं साधारण ३ मिमी टोक कापायचं आणि खालून एमटीए (सिमेंटसारखं मटेरियल) भरून सील करायचं. पण मागचं मूळ, वरून हाड जाड आणि खाली नस जवळ, ओठ बधिर राहू शकतो असंही तेच म्हणाले. दुसरे म्हणतात हेमिसेक्शन करा, खराब मूळ अर्ध्या दाढेसकट काढायचं, उरलेल्या भागावर कॅप. तिसरे सरळ म्हणाले काढा आणि इम्प्लांट करा.

आईला स्वतःचा दात जाऊ द्यायचा नाहीये आणि मलाही तेच वाटतं, वरवंट्याखालची चटणी आणि भाकरी खाणारं माणूस आहे ते.

कोणी हेमिसेक्शन केलंय का, किती वर्षं टिकली, चावता येतं का नीट? शुगरमुळे जखम भरायला किती वेळ लागला? मायक्रोस्कोपने करणारे एंडोडोंटिस्ट (रूट कॅनालचे स्पेशालिस्ट) कोल्हापूर-सांगलीकडे असतील तर प्लीज सांगा.