एलपीजीवरची मोटार: भीतीपेक्षा पंपांचे अंतर मोठे
टाकी फुटेल या भीतीने लोक एलपीजीची मोटार टाळतात, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. ती भीती मुख्यतः घरगुती सिलिंडर डिकीत ठेवून नळी जोडणाऱ्यांनी पसरवली आहे, आणि तो प्रकार बेकायदा तर आहेच, शिवाय जीवघेणाही आहे. मोटारीसाठीची मान्यताप्राप्त टाकी जाड पोलादाची असते. ती सुमारे 80 टक्के भरताच झडप गॅस घेणे थांबवते, त्यामुळे उष्णतेने फुगणाऱ्या द्रवाला जागा उरते. आपल्याकडच्या वैशाखात, पारा 42 अंशांवर असताना, त्या मोकळ्या जागेचे मोल फार आहे.

खरी अडचण एलपीजी पंपांमधल्या अंतराची आहे. लातूरहून अंबाजोगाईमार्गे परळीला जाताना माझे अर्धे लक्ष टाकीत किती गॅस उरला हे दाखवणाऱ्या दिव्यांकडेच असते, आणि चारांपैकी शेवटचा लुकलुकू लागला की मी बटण दाबून पेट्रोलवर येतो. शिवाय एक लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिस्सा ऊर्जा कमी असल्यामुळे, केवळ दर पाहून किट (पेट्रोलची मोटार एलपीजीवरही चालवणारा संच) बसवणाऱ्याचा पहिल्याच महिन्यात हिरमोड होतो. बसवायचेच असेल, तर आरसी बुकात (वाहनाच्या नोंदणी पुस्तकात) नोंद करून घ्यावी. ती नसल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.