ऑनलाइन शिकवणीत सर गप्प, पोरगीच गणितं सोडवते. मग फी कशाची?

मानेवाडाकर: मुलगी यंदा दहावीत, मराठी माध्यम. नवतप्याच्या उन्हात तिला धरमपेठेपर्यंत पाठवायचं जिवावर आलं म्हणून भूमितीची ऑनलाइन शिकवणी लावली. सर मोबाइलचा कॅमेरा तोंडावर नाही, वहीवर ठेवायला लावतात. तिनं मोठ्यानं बोलत सोडवायचं, ती अडली तरी हे गप्प. फार तर विचारतात, ‘दिलंय काय?’ काल तासाभरात समरूपतेचं एकच गणित झालं. बाकीच्यांचे धडे संपून राहिले ना!

खामल्याचा काका: गप्प बसायला आपण काय घरी कमी आहो?

खडूफळा: मी स्वतः शिकवण्या घेतो. स्क्रीनवर ‘समजलं का?’ विचारलं की सगळे पोट्टे ‘हो सर’ म्हणतात. वर्गात निदान थांबलेला पेन दिसतो, इथे तेही नाही. म्हणून वही दिसायलाच हवी. समरूपतेत को-को कसोटी (दोन कोन जुळले की त्रिकोण समरूप) सगळ्यांना पाठ असते, पण शिरोबिंदूंची संगती, म्हणजे कोणता बिंदू कोणाशी जुळतो, ती चुकते आणि पुढची गुणोत्तरं उलटीपालटी होतात. मी सोडवून दाखवलं तर ही चूक पोराच्या हातून होतच नाही, होते ती थेट ४० गुणांच्या पेपरात. सर बरोबर करून राहिले.

उमरेडरोड: हुशार पोरीला चालत असेल. माझा पोट्टा अडला की घाबरतो. समोरून आवाज आला नाही तर त्याला वाटतं, सर चिडले. घरी येणारे मास्तर आकृतीवर नुसतं बोट ठेवायचे आणि त्याचं काम व्हायचं. स्क्रीनवर ते बोट कुठून आणता? त्यात झूमची फुकटवाली मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते, त्यातली दहा शांततेत घालवायची?

खडूफळा: बोटाचं मान्य. पण ‘दोन्ही त्रिकोणांत सामाईक कोन कोणता?’ एवढं विचारलं तरी पोरगं हलतं. घाबरणाऱ्याला मिनिटभर ताटकळत ठेवू नये, हेही खरं. नवा धडा असेल तर पहिलं गणित सरांनीच सोडवावं. दुसरं मात्र आकृती फिरवून द्यावं, नाहीतर नक्कल होते.

मानेवाडाकर: आणि वेळेचं काय? वर्तुळ, त्रिकोणमिती, महत्त्वमापन, सगळं पडलंय.

खडूफळा: भाऊ, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बोर्डाचा पेपर पुढच्या वर्षी. घाई कायले?

उमरेडरोड: आता परवडतं हो. डिसेंबरातही तासाला एकच गणित झालं तर? मानेवाडाकर, दिवाळीपर्यंत कोणते धडे होणार, ते सरांकडून आत्ताच लिहून घ्या.

खामल्याचा काका: लिहून मागितलं तर सर म्हणतील, ‘दिलंय काय?’

मानेवाडाकर: विचारतो उद्या. तीन महिन्यांची फी आधीच देऊन बसलोय.