सेन्सर कधी उणे १२७ म्हणतो, कधी ८५

थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आईसाठी थर्माकोलच्या खोक्यात ४० वॅटचा बल्ब बसवलाय. ३० अंशांना रिलेने, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचने, तो बंद करायचा. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर नोडएमसीयू या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला: लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी (आकडे पाठवणारी) डी४ पिनला. आकडा मात्र उणे १२७, मध्येच ८५! आई म्हणते, "पीठ आहे की भट्टी?"

सोल्डरवाला: उणे १२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही. लाल-पिवळीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकलाय का? त्याच्यावरचे रंगीत पट्टे पिवळा, जांभळा, लाल.

रिटायर्ड_वायरमन: ८५ हा सेन्सर चालू होतानाचा मूळ आकडा. १२ बिटला, म्हणजे सगळ्यात बारीक मोजणीला, पाऊण सेकंद लागतो, त्याआधी वाचलंत तर तोच दिसणार. आणि बाबा रे, तो बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नकोस. होल्डर पत्र्याच्या डब्यात घाल. रिलेवर २३० व्होल्ट आहेत, प्लग काढूनच हात लाव.

मूळ प्रश्नकर्ता: रेझिस्टर नव्हताच! शिवाय पिवळी वायर नुसती पिळून चिकटपट्टी मारली होती, ती सोल्डर केली. आता २२.७५ दाखवतोय. बल्बसाठी आईचा जुना बिस्किटांचा डबा मागितलाय, पण त्यात तिची बटणं आहेत.