मृत्युंजय संपलं एकदाचं, आता खरं बोलू का?

पानदुमडी:
मंडळी, मी काही अभ्यासू वाचक नाही, झोपायच्या आधी डोळे मिटेपर्यंत वाचते एवढंच. सध्या ‘वाचायलाच हवीत’ म्हणतात ती मराठी पुस्तकं एकामागोमाग काढलीत. जे वाटलं ते लिहितेय, लगेच अंगावर येऊ नका.

मृत्युंजय. सुरुवातीला खाली ठेववत नव्हतं. पण सहा जण आळीपाळीने बोलतात ना, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण, तर सगळ्यांचा आवाज एकच! दुर्योधनही उपमांवर उपमा देणार आणि वृषालीही तेवढ्याच देणार, वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते सांगता यायचं नाही. आणि कर्ण द्रौपदीला भर सभेत जे बोलला तेही शेवटी त्याच्याच दुःखाच्या खात्यात जमा, हे मला काही पटलं नाही.

बनगरवाडी मात्र जाम आवडलं. एवढंसं पुस्तक. नवा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, हळूहळू गावाचा होतो, सगळे मिळून तालीम बांधतात, राजा बघायला येतो, आपण खूश, आणि मग पाऊसच पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं गाव सोडून जातात. माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत, म्हणून जास्त लागतं.

नेमाडेंचं हिंदू दीडेकशे पानांवर अडकलंय. मोहेंजोदडोचं उत्खनन वगैरे भारी होतं, पण नंतर इतके नातेवाईक आले की कोण कुणाचा ते कळेना झालं. तर प्रश्न असा की जाडजूड पुस्तक रेटून संपवायचं की सरळ सोडून द्यायचं? आणि बनगरवाडीसारखं, कमी बोलणारं अजून काय आहे?

रात्रपाळी:
मृत्युंजय सोळाव्या-सतराव्या वर्षी वाचायचं असतं, तू आत्ता वाचलंस इथेच लोचा झाला. त्या वयात सगळं जग आपल्यावर अन्याय करतंय असं वाटत असतं, मग कर्ण म्हणजे आपणच. मी तेव्हा रात्र रात्र जागून वाचलंय, आता परत हात लावायची हिंमत नाही, न जाणो तुझ्यासारखंच वाटलं तर. उतारा हवा असेल तर इरावती कर्वेंचं युगांत घे, महाभारतातल्या माणसांवरचे लेख आहेत. गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं 1967 सालचीच. बाई कर्णाला जराही सूट देत नाहीत, आणि तरी वाचून झाल्यावर तो जास्त खरा वाटतो.

तिरपागडे:
हिंदू आधी कोसला न वाचता घेतलंस का? नेमाडेंच्या सुराची सवय व्हावी लागते. कोसलातही सुरुवातीचं ते उदाहरणार्थ आणि वगैरे डोक्यात जातं, मलाही गेलं होतं, त्यातल्या नायकाला, पांडुरंगाला, दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. पण धाकटी बहीण मनी जाते तिथे तोच टवाळ सूर असा काही फिरतो की मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. फक्त तेवढ्या पानांसाठीसुद्धा वाच. हिंदूचं म्हणशील तर नातेवाईक लक्षात ठेवायचेच नसतात, लग्नघरात सगळे कुठे आपल्या ओळखीचे असतात? वाहवत जायचं.

पानदुमडी:
@तिरपागडे हे वाहवत जाणं दिवसभर काम करून आलेल्या माणसाला जमत नाही हो. पण कोसला घेते.

चष्माकुठाय:
सोडून दे बिनधास्त, परीक्षा थोडीच आहे! कमी बोलणारं हवं तर प्रकाश नारायण संतांचा लंपन. वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर, अशी चार पुस्तकं, याच क्रमाने. आजीआजोबांकडे राहणारा मुलगा, बाकी काही घडत नाही म्हटलं तरी चालेल, आणि त्याचं ते प्रत्येक गोष्टीचा भलता मोठा आकडा सांगणं, हसून हसून वाट लागते. झुंबरमधली ‘स्पर्श’ मात्र बसमध्ये वाचू नकोस. का ते सांगत नाही.

नव्यातलं म्हणशील तर कृष्णात खोतांचं रिंगाण, 2023 चा साहित्य अकादमी मिळालेलं. धरणात गाव गेलं, माणसं हलली, म्हैस मागे राहिली आणि रानटी झाली, तिला परत आणायचंय. बोलीभाषा आहे, आधी जरा अडखळायला होतं, मी सुरुवातीची पानं चक्क मोठ्याने वाचली तेव्हा कुठे लय सापडली. मधे थोडं ताणलंय असं माझं मत.

रात्रपाळी:
आणि स्मृतिचित्रे राहिलंच की! लक्ष्मीबाई टिळक. नवरा ख्रिस्ती झाला, कित्येक वर्षं ताटातूट, आणि बाई अशा सांगतात की आपण हसतोय की रडतोय ते कळत नाही. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घरच्यांचे जे हाल व्हायचे ते वाच नुसतं.

पानदुमडी:
हे शाळेत धडा म्हणून होतं बहुतेक, तेव्हा कंटाळा आला होता. जाड आहे का?

रात्रपाळी:
जाड आहे. संक्षिप्तही मिळतं, पण ते घेऊ नकोस, मजा आहे ती बाईंच्या फाटे फोडत बोलण्यातच.