अबॉर्ट झालेल्या ट्रान्झॅक्शनला 'रद्द' म्हणावं का?

सांगलीकर:
टीममधल्या नव्या पोरांसाठी टेस्टिंगच्या नोट्स मराठीत लिहितोय, एका शब्दावर अडलोय. पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) सांगतं, 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड, कमांड्स इग्नोर्ड अन्टिल एन्ड ऑफ ट्रान्झॅक्शन ब्लॉक'. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांचा एक गठ्ठा, सगळे पक्के नाहीतर एकही नाही. मी लिहिलं 'व्यवहार रद्द झाला', आणि ते वाचून एका पोरीची अख्खी दुपार गेली. जँगोची (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) टेस्ट होती, एकाच मोबाईल नंबरचे दोन ग्राहक घालायचे नि इंटिग्रिटीएरर (डेटाबेसचा नियम मोडल्याचा एरर) येतो का बघायचं. एरर आला, तिनं तो नीट पकडलापण, आणि पुढच्या ओळीत ग्राहक किती झाले मोजायला गेली तर ट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटएरर, टेस्ट लाल. म्हणाली, सर, व्यवहार रद्द झालाय ना, मग नवीन क्वेरी का चालंना? बरोबर विचारलं की तिनं.

कृष्णाकाठ:
दादा, रद्द नकोच. आमच्या वडिलांची यार्डात हळदीची अडत होती, तिथं सौदा फिसकटणं वेगळं नि रद्द करणं वेगळं. फिसकटला म्हणजे बोलणं तुटलं, पण पोती अजून तिथंच पडलेली, आणि रद्द म्हणजे कुणीतरी निकाल लावला, माल मोकळा झाला. पोस्टग्रेसचं तसंच आहे बघा, एक ओळ चुकली की ट्रान्झॅक्शन फिसकटतं पण बंद होत नाही, तुम्ही रोलबॅक (झालेलं सगळं मागं घे) म्हणेपर्यंत ते पुढचं काहीच ऐकत नाही. म्हणजे अबॉर्टेड म्हणजे फिसकटलेलं, आणि रद्द हा शब्द रोलबॅकला द्या. जँगोची टेस्टकेस अख्खी टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळते आणि रोलबॅक थेट शेवटी करते, म्हणून मधे फिसकटलं की टेस्ट संपेपर्यंत ते तसंच अडकून. त्या पोरीला सांगा, चुकणारी ओळ तेवढी वेगळ्या अॅटॉमिक ब्लॉकमध्ये (आतल्या छोट्या ट्रान्झॅक्शनसारखा) घाल आणि एरर ब्लॉकच्या बाहेर पकड, मग सेव्हपॉइंटपर्यंतच (त्या ब्लॉकच्या सुरुवातीला केलेल्या खुणेपर्यंत) मागं जातं.

मिरजवाला:
रोलबॅकला 'उलट नोंद' का नको? कीर्दीत आम्ही तेच करतो.

कृष्णाकाठ:
उलट नोंदीत दोन्ही ओळी वहीत राहतात हो, ऑडिटरला दिसतात. रोलबॅक झालेली ओळ दुसऱ्या कुणाला कधी दिसलेलीच नसते, ती कच्च्यातच गेली. कमिट म्हणजे पक्कं करणं, कच्ची पावती पक्की पावती म्हणतो तसं. एक मात्र आहे, सिक्वेन्सचा (नव्या ओळींना आपोआप आयडी देणारा काउंटर) नंबर मागं येत नाही, 41 नंतर एकदम 43 दिसतो, फाडलेल्या पावतीचा नंबर वाया जातो तसा. म्हणून टेस्टमध्ये आयडी 1 च येणार असं धरून लिहू नका.

सांगलीकर:
पटलं. नोंद बदलली: 'व्यवहार फिसकटला आहे. आधी तो रद्द करा, मगच पुढची क्वेरी चालेल.' सेव्हपॉइंट तसाच ठेवलाय, तो पोरांना कळतो.